उसने डोळे

पेलोतासला जुलैत थंडी हाडांत शिरते
आणि या खोलीतला हीटर नुसता आवाज करतो.
आम्ही पाच जण टेबलाच्या अलीकडे,
पलीकडे एक खुर्ची, पांढरी भिंत,
कॅमेऱ्याचा लाल ठिपका.

मी जुरेमा. प्रवेश कचेरीत बारावं वर्ष.
त्याआधी नऊ वर्षं याच मजल्याची फरशी पुसली,
कुलगुरूंच्या तसबिरींच्या काचा
ओल्या वर्तमानपत्राने लख्ख केल्या एकेक,
आमच्या घरातल्या कुणावर गेलेला
एकही चेहरा सापडला नाही.
म्हणून या समितीवर बोलावलं तेव्हा लगेच हो म्हणाले.

प्रशिक्षणात सांगितलं:
बाप, आजा, पणजा विचारायचा नाही.
कागद नाही, फोटो तर नाहीच.
राखीव जागा रक्तासाठी नाही, दिसण्यासाठी सोसलेल्यांना आहे.
रस्ता ज्या डोळ्यांनी पाहतो, त्या डोळ्यांनी पाहा.
मी विचारलं, कुठला रस्ता?
बाई हसल्या. त्यांना वाटलं, गंमत केली.

मला तो रस्ता पाठ आहे.
सुपरमार्केटचा पहारेकरी शांपूपासून बिस्किटांपर्यंत
माझ्यामागे येतो, तो.
बसमध्ये माझ्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरते, तो.
त्याचेच डोळे उसने आणायचे
आणि त्यांनीच आता न्याय मोजायचा.

सकाळी एक पोरगा येऊन गेला, वैद्यकाचा अर्ज.
दिव्याखाली शेकलेला चेहरा,
कॉलरच्या आत मान दुधासारखी,
नव्याने कुरळ्या केलेल्या केसांना औषधाचा वास.
पाचही हात एका दमात: नाही.
सोप्या कामाचं समाधान
मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरलं.

मग एकेचाळीस नंबर. तायाने लेमोस फरियास.
स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून बसली.
ठरलेलं वाक्य म्हणाली: मी स्वतःला पार्दा समजते.
पार्दा, म्हणजे ना धड ही, ना धड ती.
आवाज कॅमेऱ्याकडे, नजर माझ्याकडे.
पाचांत तिला मीच दिसले.

ओल्या वाळूचा रंग, की नुसत्या वाळूचा?
ट्यूबलाइट खोटं बोलते,
सगळ्यांनाच थोडं थोडं धुऊन काढते.
आणि केस मागे ओढून बांधलेले,
इतके घट्ट की कपाळ ताणलेलं.
आई म्हणाली असेल, मोठ्या लोकांसमोर जायचंय, नीट बांध.
माझीही म्हणायची.
आज नेमके तेच तिच्या बाजूने बोलले असते.

तिने खिशातून फोटो काढला.
हे बाबा. रिओ ग्रांदेच्या गोदीवर होते.
अध्यक्ष म्हणाले, नियम चार,
आणि फोटो पालथा ठेवला.
पाठीवर स्टुडिओचा शिक्का,
पेन्सिलीने लिहिलेली, अर्धी पुसलेली तारीख.

दोन हो. दोन नाही.

मला विचारायचं होतं,
दुकानात तुझ्यामागे कुणी येतं का गं?
येत असेल तर ये बाळ, आत ये.
येत नसेल तर,
तर ते तुझं नशीब म्हणू की
तुझ्याविरुद्धचा पुरावा?
ते विचारायची मुभा नव्हती.
मी म्हणाले, केस सोडशील जरा?
अध्यक्षांनी नियमांचं पान उलटलं. मनाई सापडली नाही.

रबर अडकलं. तिने ओढलं, ते तुटलं.
केस उठले, खांद्यांवर न पडता
सगळीकडून उठले, दाट, गुंतलेले,
आणि त्या क्षणी मला आठवलं,
याच गावात खारवलेल्या मांसाच्या कारखान्यांसाठी
माणसं घेताना तोंड उघडायला लावून दात पाहत.
माझ्या पणजीचेही कुणीतरी पाहिले असतील,
असेच, टेबलापलीकडून,
कदाचित असंच गोड बोलून.

मी हात वर केला. हो.
हात खाली घ्यायला वेळ लागला.

तायानेने आभार मानले नाहीत. बरं केलं.
एका हातात बापाचा फोटो,
दुसऱ्या मुठीत सगळे केस मागे आवळून धरलेले,
दार तिने कोपराने उघडलं.

बेचाळीस, अध्यक्ष म्हणाले.
मी चष्मा पुसत होते.